शेवाळाला दिलेला ताण

बाई,

आज सकाळी माझ्या काचपेटीतले शेवाळ जुन्या ब्लेडने खरवडत होते, आणि तुम्ही जाऊन नऊ वर्षे झाली हे ठाऊक असूनही मनातल्या मनात तुम्हालाच कारणे देत होते. पेटी लहान आहे. तळाशी काळी माती, वर कन्हान नदीची धुतलेली वाळू, तलावातून आणलेल्या पाणवनस्पती, चार गप्पी मासे. हवेचा पंप नाही. सगळे तुमच्या शिकवणीप्रमाणे. झाडांनी माशांना सांभाळायचे, माशांनी झाडांना, आणि आपण फक्त दिवा वेळेवर लावायचा व वेळेवर मालवायचा, असे तुम्ही म्हणत असा. "दिवा कमी पडला तर झाडं उपाशी, जास्त झाला तर शेवाळाचं जेवण." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले होते, आणि त्याच वर्षी मी तुमच्या प्रयोगाला दगा दिला.

नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे वरच्या मजल्यावरची एकच खोली होती. आमच्या घरी दोन खोल्यांत सात माणसे आणि शेजारी दिवसभर रेडिओ, म्हणून मॅट्रिकच्या वर्षी तुम्ही मला शाळेआधी आणि शाळेनंतर तिथे बसून अभ्यास करण्याची परवानगी दिलीत. अट एकच: तिथल्या तुमच्या प्रयोगाच्या काचपेटीवरच्या ट्यूबलाइटला हात लावायचा नाही, कारण तिच्या तासांची नोंद तुम्ही ठेवत होता. पण छताचा बल्ब इतका उंच आणि पिवळा, की त्याच्या उजेडात बीजगणितातले अधिक आणि भागिले सारखेच दिसत. ट्यूबलाइट मात्र शुभ्र, आणि हाताच्या अंतरावर. सुरुवातीला मी ती रोज एकच तास लावत असे.

मग काचेवर हिरवी साय धरली. तुम्ही तुमच्या सहा तासांचे चार केलेत आणि ऊन थांबावे म्हणून खिडकीच्या काचांवर ब्राऊन पेपर चिकटवलात. खोलीत अंधार झाला. अंधार झाला म्हणून मी चार तास ट्यूब लावू लागले. शेवाळ वाढले. तुम्ही चाराचे तीन केलेत. तोवर परीक्षा जवळ आली होती आणि मी सातांवर गेले होते. आता पानापानाला हिरव्या जटा लोंबत होत्या. शाळेचे शिपाईकाका काटोलकडचे, घरी संत्र्यांची बाग. तुम्ही कपाळाला हात लावून बसला आहात, मी कोपऱ्यात पुस्तकात तोंड खुपसले आहे, आणि काका दाराला टेकून म्हणत आहेत:

"बाई, संत्र्याले आमी ताण देतो. पाणी तोडतो जी. झाड सुकल्यावानी होते, अन् मंग असा बहार फुटते का विचारू नका. तुमी या शेवाळाले उजेडाचा ताण देऊन राहिल्या. ते फुटन नाही तं काय करन?"

"शेवाळ म्हणजे संत्रं आहे का, काका?"

"नाही जी. पण तुमीच सांगा, उजेड कमी झाला का जास्त? अन् ते कमी झालं का जास्त?"

तुम्ही वही उघडलीत. उजेडाचे आकडे उतरत होते, शेवाळ चढत होते. तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो पाहून मी पुस्तकात तोंड आणखी खुपसले.

पंधरा दिवसांत 'प्रकाशाचा ताण आणि शेवाळाचा बहार' हा तुमचा निबंध तयार झाला. विज्ञान शिक्षकांच्या मेळाव्यात, कॉलेजच्या प्राध्यापकांसमोर, तो तुम्ही वाचणार होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत असे बोलावणे प्रथमच आले होते. आणि सुवाच्य प्रत करायला तो दिलात मला, माझे अक्षर चांगले म्हणून. म्हणजे सबंध नागपुरात त्या निबंधातली चूक जाणणारी एकमेव व्यक्ती तो वळणदार अक्षरात उतरवीत होती. सांगण्यासाठी तीनदा शिक्षकखोलीच्या दारापर्यंत आले. तिन्ही वेळा तुम्ही "काय गं?" असे विचारलेत आणि मी खडू मागितला. तिसऱ्या खडूला तुम्ही म्हणालात, "काहून वं, खातेस का खडू?"

बोलण्याचे धैर्य मला कधीच नव्हते. लिहिण्याचे थोडे होते. प्रतीतल्या तक्त्यात मी पट्टीने आणखी एक रकाना आखला. त्यावर 'विद्यार्थिनीचा अभ्यास, तास' असे लिहिले, खाली एक, चार, सात हे आकडे भरले, शेजारी बेरजा मांडल्या: सात, आठ, दहा. प्रत तुमच्या टेबलावर ठेवली आणि पळाले.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी तुम्ही बोलावलेत. वर्गात तुमची भाषा पुस्तकी असे; राग अनावर झाला की मात्र महाल बाहेर येई. "सात तास? तुले लाज नाही वाटली? उद्या मी चार लोकांसमोर शेवाळाचं संत्रं करून आले असते ना वं!" मी रडू लागले. तुम्ही तक्त्यावरून पुन्हा बोट फिरवलेत, आणि म्हणालात, "बेरीज बरोबर आहे." मग खिडकीचा कागद फाडलात आणि निकाल दिलात: "रोजचे सहा तास. तीन तुझे, तीन माझे. सातवा कोणाचाच नाही." महिन्याभरात पाणी निवळले. शिपाईकाका मात्र अखेरपर्यंत सांगत राहिले, की बाईंनी घाई केली, बहार येऊन राहिला होता.

मेळाव्यात तुम्ही तो तक्ता माझ्या रकान्यासकट वाचून दाखवलात. स्वतःची चूक सांगून लोकांना हसवलेत, आणि शेवटी म्हणालात, की शेवाळ दाट होते तितकाच या मुलीचा अभ्यास दाट होता. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत मी मान खाली घातली. तुम्ही तो विनय समजलात आणि पुढे कित्येकांना सांगितलेत.

तुम्ही हयात असता तर हे पत्र मी टपालात टाकले नसते, हे लिहितानाच जाणवते आहे, म्हणून लिहिते. त्या रकान्यातले तास खरे होते, बाई. 'अभ्यास' हा शब्द खरा नव्हता. सातांपैकी चार तास बीजगणिताच्या पुस्तकाआड वाचनालयातल्या रहस्यकथा असत. त्या दिवशी मान खाली होती, कारण मांडीवर एक कथा उघडी होती, आणि टाळ्या संपल्या तरी खुनी कोण ते मला कळायचे होते.