पायाळू येईपर्यंत

९ जानेवारी १९४४
रविवार. दिवसभर आजोबांचं मोडी दप्तर. एक कागद नीट लागला: ‘धामधुमीत हंडा पुरिला, खंडोबाचे दगडापासून उगवतीस अकरा काठ्या.’ मला नि धाकट्या भावाला, नामाला, हे लहानपणापासून तोंडपाठ. बैल हाकायच्या काठीने मोजून तीन खड्डे खणले होते दोघांनी. आबांनी त्याच काठीने झोडलं. आज कळलं, जुनी मोजणीची काठी म्हणजे पाच हात पाच मुठी. शाबास मास्तर, चाळिशीला अक्कल आली.

मोजलं. जागा थेट आमच्या गोठ्यात, नामाच्या खोंडाच्या दावणीखाली. लगेच त्याला पत्र टाकलं. पलटण ब्रह्मदेशाकडे आहे, एवढंच ठाऊक.

२७ फेब्रुवारी
नामाचं पत्र. दोन ओळी सेन्सॉरने काळ्या केलेल्या. उरलं ते: ‘दादा, मी येस्तवर कुदळ लावू नको. पायाळू मी हाय, तू न्हाईस.’

लेकाचा. पायाकडून जन्मला, म्हणून पुरलेलं धन त्यालाच दिसणार. डोळ्यांत अंजन घालायचं, तो बोट दाखवील तिथं खणायचं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी थांबतो. तसं कळवलं.

१६ एप्रिल
शेजारचे गोपाअण्णा जतकडचा एक धनगर घेऊन हजर. “मास्तर, ह्यो बी पायाळू हाय. कवा खणायचं?”
म्हणालो, आमचा पायाळू रजेवर यायचाय.
“लढाई सरायची वाट बघताय व्हय? तवर हंडा सरकंल की खाली.”
पाहुण्याला भाकरी-झुणका दिला, वाटेला लावलं. नामाची बायको हौसा शेण काढता काढता सगळं ऐकत होती. नंतर पाहिलं, दावणीखालची जागा सारवून ठेवली होती.

११ जून
सरकारी लखोटा. ‘बेपत्ता.’ मेला, असं लिहिलेलं नाही.
शे-दोनशे वर्षांचे कागद घडाघडा वाचतो मी. हा आईला वाचून दाखवता येईना. हौसा थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. दाराआडून आईला म्हणाली, “आत्याबाई, इचारा त्यास्नी, गेलं असं लिवलंय का?”
नाही म्हणालो.
“मग हायेत.” वैरण टाकायला गेली.

५ नोव्हेंबर
वाई. घाटावरल्या एका भटजींकडे आमच्या गावचे कागद आहेत असं ऐकून आलो. घरी बसवत नाही, हे खरं कारण.
कागदांच्या तिसऱ्या रुमालात, म्हणजे कापडी गठ्ठ्यात, खापरपणजांच्या हातचा कागद: ‘हंडा काढिला. थोरलीचे लग्नी खर्च जाहला. बाकी काही नाही.’ दोनदा वाचला. अक्षर घरच्या कागदावरचं तेच.
भटजी म्हणाले, “काय मास्तर, सापडलं का?” सापडलं म्हणालो. नक्कल करून घेतली नाही. घाटावर पाण्यात पाय सोडून बसलो. पहिलं मनात काय आलं, तर नामाला काय तोंड दाखवू. मग आठवलं.

२३ सप्टेंबर १९४५
लढाई संपली. गावची चार पोरं परतली. एकाला विचारलं. त्याची पलटण वेगळी, त्याला काही माहीत नाही.
रोज तासगावच्या सहाच्या मोटारीला जाऊन उभा राहतो. घरी सांगतो, टपाल बघायला. टपाल सकाळी येतं हे आईलाही माहीत आहे.

१० फेब्रुवारी १९४६
खोंडाचा बैल झाला.
अण्णांनी आईला पटवलं: आता कुणाची वाट बघायची, खणून टाका. आई हो म्हणाली, पण माझ्याकडे बघेना. कशाला हो म्हणतेय ते तिला कळत होतं.
हौसा कुदळ घेऊन आली, माझ्या पुढ्यात ठेवली. पदर सावरून आज पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “दादा, तुमी शिकलेली माणसं. खरं सांगा. हंडा हाय का?”
“हाय,” म्हणालो. “पण पायाळू आल्याबिगर हाताला लागायचा न्हाई.”
“व्हय.” कुदळ उचलून परत आढ्याला अडकवली. अण्णा कुरकुरत गेले. आई जरा रडली, मग चहा ठेवला.
खोटं बोललो. लाज वाटत नाही.
नाम्या, खाली काही नाही रे. मीच वाचलंय. तरी ये. दोघं मिळून खणू, रिकामा खड्डा बघून मला पोटभर शिव्या घाल.
उद्या सहाच्या मोटारीला जातोच आहे.