माझं काळीज, मला सोडून सगळ्यांना ठाऊक

ता. ४ जून
इस्पितळ, खाट नऊ

चि. थोरल्यास,
अ. आ. (रीत आहे म्हणून.)

दाढ काढल्यापासून तीन आठवडे ताप हटेना, म्हणून शेजारणीनं इथं आणून टाकलं. दाढेतून जंतू रक्तात शिरले आणि काळजाची झडप कुरतडून बसले, असं डॉक्टरीणबाई म्हणते. शिरेतून औषध चालू आहे, पण झडप बदलावीच लागेल.

मग तिनं विचारलं, झडप आधीच अधू, तर दाढ काढण्याआधी औषध का घेतलं नाही. मी म्हटलं, अधू असल्याचं आजच कळतंय. तिनं माझ्या तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीचा रिपोर्ट काढला. औषधाची सूचना ठळक लिहिलेली, खाली तुझी सही.

दाताच्या दवाखान्यात कागद भरायला दिला होता. हृदयाचा आजार आहे का? दुसरीपर्यंत शिकलेली मी, चष्मा पुसून मोठ्या ऐटीत ‘नाही’ लिहिलं. तुला ठाऊक होतं ना रे?

आई

ता. ९ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ठाऊक होतं. बाबांना जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. तुला इतक्यात सांगू नये, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. मग राहूनच गेलं. दात दाखवायचा झाला तर मी सोबत असेनच, असं धरून चाललो. चुकलो. माझ्यावर राग काढ, पण ऑपरेशनला नाही म्हणू नकोस. शनिवारी येतो.

तुझा,
थोरला

ता. १३ जून

चि. थोरल्यास,
अ. आ.

‘आम्ही सगळ्यांनी’पाशी अडखळले. म्हणजे धाकटीलाही ठाऊक! माझ्या मशीनवर पडदे शिवून नेले, तोंडातून चकार शब्द नाही. जिन्यात मला धाप लागली की तुम्ही एकमेकांकडे बघायचात. मला वाटायचं, म्हातारीला हसताय.

नवरा गेला ते पचवलं, झडप पचली नसती? माझी काळजी नव्हती तुला, माझ्या रडण्याचा धाक होता.

ऑपरेशन करून घेणार आहे. तुझ्या सांगण्यावरून नाही. दोन डझन शर्टांच्या बाह्या लावायच्या राहिल्यात.

शनिवारी ये. डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलत असेल तेव्हा दाराबाहेर बसायचं. तिला तसं सांगून ठेवलंय. आणि शुद्धीवर आल्यावर सगळं ठीक झालं म्हणालास, तरी मी सिस्टरला विचारून घेईन.

लोभ आहेच. भरवसा तेवढा मागू नकोस.

आई