पहिल्या कपाटातली बरणी

आई,

हे पत्र तुला पाठवायची माझी छाती होणार नाही.

आमच्या हृदयविकार संशोधन केंद्राच्या दोन खोल्या काढून घेतल्या. उरलेल्या जागेत केंद्र टिकवायचं, म्हणून कोणते जुने नमुने काढून टाकायचे त्याची यादी मी आज करत होते. हृदयात दोष घेऊन जन्मलेल्या आणि दगावलेल्या बाळांची हृदयं आम्ही बरण्यांत जपतो. आमची पद्धतच आहे, नंबराखाली बाळाचं लाडाचं नावही लिहायचं.

पहिल्याच कपाटात ‘ठकी’. माझंच नाव! मला हसूच आलं. मग तारीख बघितली, तर माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीची. संमतीपत्र शोधून काढलं, तर खाली तुझी सही. मला बहीण होती?

फोन उचलल्या उचलल्या तू विचारतेस, “केंद्र नीट चाललंय ना?” माझी चौकशी त्यानंतर. “अगं, तुझी लेक मी आहे, केंद्र नव्हे,” म्हणून कितीदा चिडवलं तुला!

बरणी जागेवरच आहे. उद्या तू पुन्हा विचारशील, आणि तू कुणाची चौकशी करतेस ते पहिल्यांदाच मला कळलेलं असेल.

तुझी,
दुसरी ठकी