पेशी की पाणी?

मंगळवार, संध्याकाळ. घणसोली.

आज आई बाथरूममध्ये घसरून पडली. मी धावलो, वाकलो आणि तिला सरळ उचलून पलंगावर आणलं. तिला लागलं नाही, पण मीच दचकलो; कंबरेत कळच आली नाही. दोन वर्षं मला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. द्रोणागिरीच्या गोदामात पेट्या उचलून मणक्यातली गादी झिजली, तेव्हापासून.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी नव्या उपचाराच्या चाचणीत घेतलं, मणक्यात इंजेक्शन दिलं. काहींना मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, गादी पुन्हा भरून येईल या आशेनं. काहींना नुसतं मिठाचं पाणी. मला काय दिलं?

न राहवून डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "मलाही माहीत नाही हो. चाचणी संपेपर्यंत कुणालाच कळणार नाही. आणि वजन उचलू नका."

"दुखत नाय ना? मग झालं की," बायको म्हणाली. तिला कसं सांगू? पाणी असेल तर हा आराम नुसता मनाचा. उद्या मन फिरलं तर? तेवढ्यात आई विचारते, "माज्या वजनानं तुजी कंबर गेली का रं?" हसलो, पण...

गोदामाचा सुपरवायझर येत्या सोमवारपासून लोडिंगला बोलावतोय. आत्ताच त्याला फोन केला. "साहेब, लोडिंग नको. बसून करायचं काम असेल तर द्या." "बघतो," म्हणाला, तेवढंच.

फोन ठेवला. कंबर अजिबात दुखत नव्हती, आणि त्याचीच जास्त भीती वाटतेय.