पाटी की इस्त्री

आदरणीय साडूभाऊ,

सासरेबुवांच्या दोन जावयांपैकी शहाण्या जावयास उरलेल्या जावयाचा नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? वाकल्यावर कळ येते असं मागे म्हणाला होतात. वाकत जाऊ नका. (मी आमच्या घरात बरीच वर्षं वाकूनच राहतो, पण त्याला कळ येत नाही, सवय होते.) ताईंनाही नमस्कार सांगा. इकडे आम्ही दोघं ठीक. म्हणजे ही ठीक आहे. माझ्या डाव्या अंगठ्याला पट्टी बांधलेली आहे, पण त्याचं कारण सांगायला बरंच मागून निघावं लागेल.

फोन का केला नाही, असं तुमच्या मनात येईल. फोनवर बोलताना ही शेजारी असते आणि माझं वाक्य संपायच्या आत दुरुस्त करते. म्हणून हे पत्र ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, स्टिअरिंगवर पॅड टेकवून लिहितो आहे. माझ्या सकाळच्या शिकाऊ बाई दातांच्या डॉक्टर आहेत आणि त्या नेहमी उशिरा येतात. (माणसांना बाहेर ताटकळत ठेवायची सवय त्या धंद्यात लागत असावी.)

हिचं मनगट मोडल्याचं तुम्हाला ठाऊक आहे. हिच्या शिवणाच्या दुकानात दोऱ्याच्या रिळावर पाय पडला आणि पडताना उजवा हात खाली टेकला. प्लास्टर निघालं तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. पण अंगठा काही हलेना. खुंटीसारखा ताठ. तुम्ही हिला काम करताना पाहिलं आहे. पँटची घडी उलगडायच्या आत ती किती आखूड करायची ते हिला कळायचं, आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता, सुईकडे न बघता, ही दोरा ओवायची. ती बाई जमिनीवर पडलेलं बटण उचलायला गेली आणि बटण तिच्या बोटांखाली नुसतंच सरकत राहिलं. शेवटी मी उचलून दिलं, तर माझ्यावरच चिडली. फिजिओबाईंनी रबराचा चेंडू दिला होता दाबायला. दोनदा दाबून तो सोफ्याखाली जायचा. (चेंडू आपण होऊन जात नसे, असा माझा संशय आहे.) मग एके दिवशी हिनं गिऱ्हाइकांचे कपडे तसेच परत न्यायला सांगितले, आणि जेवताना, मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली, "दुकान कुणाला तरी देऊन टाकू या."  मी मिठाचं भांडं पुढे सरकवलं.

पुढच्या खेपेला फिजिओबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, व्यायाम म्हटला की माणूस कंटाळतो, काही पेशंट हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र घेतात, खेळाच्या नादात अंगठा आपोआप फिरतो. ही हसली, बऱ्याच दिवसांनी. आणि मी म्हणालो, "ते माझ्यावर सोपव."

साडूभाऊ, हे वाक्य मी संसारात जेव्हा जेव्हा उच्चारलं आहे, तेव्हा तेव्हा काय झालं याचे तुम्ही साक्षीदार आहात. तुमच्या बाल्कनीला रंग मीच निवडला होता.

गेमच्या दुकानात गेलो तर काचेच्या कपाटात शेजारी शेजारी दोन यंत्रं. दोन कंपन्यांची, आणि एकमेकांच्या जिवावर उठलेली. एक लहान, हलकं, चपटं, दोन्ही कडेच्या मुठी काढता-घालता येणारं. दुसरं काळं, जाडजूड, आत मोठा पंखा असलेलं, चालू झालं की तापणारं, पण कंप्युटरवरचे झाडून सगळे खेळ खेळवणारं. (हिनं नंतर पहिल्याचं नाव पाटी आणि दुसऱ्याचं इस्त्री ठेवलं. आपणही तेच चालवू.) काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, काय खेळणार? मी म्हणालो, अंगठा. तिनं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि दोन्हींचे माहितीकागद हातात ठेवले. शहाण्या माणसानं तिथल्या तिथे एकावर बोट ठेवलं असतं. मी कागद घेऊन घरी आलो.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फी गोळा करणारे गृहस्थ आहेत, त्यांना सगळे खजिनदार म्हणतात. ते इस्त्रीपक्षाचे निघाले. माझ्याबरोबर शिकवणारे रिव्हर्स मास्तर (गाडी मागे घ्यायला यांच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही, पुढे न्यायचं मात्र विद्यार्थ्यांना माझ्याकडे शिकावं लागतं) हे पाटीपक्षाचे. खजिनदार म्हणायचे, पाटी हे लेकरांचं खेळणं आहे. मास्तर म्हणायचे, इस्त्रीची बॅटरी चहा निवायच्या आत संपते. बोलता बोलता ते एकमेकांच्या घराण्यावर गेले आणि त्यांचा एकत्र चहा बंद झाला. मी दोघांचंही ऐकून घेत होतो आणि दोघांचंही पटत होतं, हा माझा जन्मजात रोग. घरी येऊन मोबाइलवर तुलनेचे व्हिडिओ बघायचो. पडदा कुणाचा उजळ, आवाज कुणाचा खणखणीत, पंखा कुणाचा गुरगुरतो, सगळं मला पाठ झालं. झोपेतही मी बॅटरीबद्दल बोलतो, असं ही म्हणाली. आणि हे सगळं चाललं असताना ही समोर बसून डाव्या हातानं भाजी चिरत होती, तीही कशीबशी. ते मला दिसत होतं. पण मला वाटायचं, आणखी एक व्हिडिओ पाहिला की निकाल लागेल.

शेवटी दोन्ही पक्षांनी आपापलं यंत्र मला वापरून बघायला दिलं. दोन्ही जेवणाच्या टेबलावर मांडली. हिनं हात पुढे केला, तर मी म्हणालो, थांब, आधी मी तपासतो. (होय, असंच म्हणालो. पट्टी बांधलेल्या अंगठ्याची शपथ.)

दोन्हींत गाड्यांच्या शर्यतीचा एकच खेळ होता. मी म्हटलं, हा आपला प्रांत. अर्ध्या गावाला गाडी शिकवली आहे. शर्यत सुरू झाली, सगळ्या गाड्या सुसाट निघाल्या आणि मी आरसा शोधत राहिलो. वळण आलं, तर इंडिकेटरचं बटण सापडेना. इंडिकेटर दिल्याशिवाय मी वळत नाही, म्हणून सरळ गेलो. सरळ भिंत होती. पुढच्या खेपेला भिंत येताना दिसली म्हणून ब्रेक मारला, पण पायानं. तुम्हाला माहीत आहे, शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि माझा पाय आयुष्यभर त्याच्यावरच असतो. तो पाय इतक्या जोरात दाबला की टेबल सरकलं आणि डाळीचं पातेलं माझ्या मांडीवर आलं. शर्यतीत माझा नंबर शेवटचा. माझ्या आधी आलेल्या गाडीत ड्रायव्हर म्हणून एक अस्वल बसलं होतं.

अस्वलाकडून हरलेला माणूस गप्प बसू शकत नाही. मी पाटीवर हरलो की इस्त्रीवर जायचो, इस्त्रीवर हरलो की पाटीवर. हिनं विचारलं की मी म्हणायचो, अजून निष्कर्ष निघाला नाही. गाडीत शिकवतानाही माझे अंगठे मांडीवर फिरत राहायचे. दंतवैद्यबाईंनी एकदा काळजीनं विचारलं, तुम्हाला मज्जातंतूंचा काही त्रास आहे का? तोवर डावा अंगठा टम्म सुजला होता.

पुढच्या खेपेला फिजिओबाईंसमोर आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. त्यांनी आधी हिचा अंगठा पाहिला. होता तसाच, ताठ. मग माझा पाहिला. मग विचारलं, यंत्र कोण वापरतं? ही छताकडे बघत राहिली. मी म्हणालो, निवड चालू आहे.  त्यांनी माझ्या अंगठ्याला पट्टी बांधली, खेळायला सक्त मनाई केली, आणि सूज उतरल्यावर दाबायला मला एक चेंडू दिला.

परत येताना रिक्षात ही शांतपणे म्हणाली, "तुम्ही निवडत बसा. माझा हात तोवर थांबणार नाही."

आवाज चढवला असता तर मी भांडलो असतो. तसं झालं नाही, म्हणून घरी आल्यावर दोन्ही यंत्रं पिशवीत घालून ज्याची त्याला देऊन आलो. परतलो तर घराला कुलूप. शेजारी कळलं, ही एकटीच त्या गेमच्या दुकानात गेली होती. मी धावत गेलो, पण पोचेपर्यंत निकाल लागलाही होता. काउंटरवरच्या मुलीनं मला सांगितलं की मॅडमनी आधी इस्त्री उचलली, मनगट खाली वाकलं, ती ठेवली. मग पाटी उचलली आणि म्हणाल्या, ही द्या. बस्स. साडूभाऊ, मला दोन्हींच्या पंख्याचा आवाजसुद्धा पाठ होता. पण कुठलं यंत्र हिच्या हाताला पेलेल, हा प्रश्न एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. परतताना पिशवी मी धरायला मागितली. हिनं दिली नाही.

आता रोज दुपारी ही खिडकीत पाटी घेऊन बसते. तीच शर्यत खेळते. सिग्नल नाही, आरसा नाही, इंडिकेटर नाही, फुटपाथवरून गाडी घालते. सुरुवातीला मी मागे उभा राहून क्लच, गिअर असं काही सुचवत होतो. ही म्हणाली, "शिकवू नका." तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहतो. आधी अंगठा नुसता थरथरायचा. मग जरासा वाकला. मग एका दुपारी अस्वल मागे पडलं, आणि ही ओरडली वगैरे नाही, नुसती हात समोर धरून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसली. मी गॅस उगाचच बंद करून पुन्हा पेटवला. परवा हिनं जमिनीवरची टाचणी उचलली. टाचणी, साडूभाऊ, बटण नव्हे. दुकान आता अर्धा दिवस उघडं असतं, आणि ते कुणाला देऊन टाकायचं, हा विषय पुन्हा निघालेला नाही.

दंतवैद्यबाई येताना दिसताहेत. त्यांच्या आधी त्यांची गाडीविषयीची भीती येऊन पोचते. थांबतो. तब्येतीला जपा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. वर लिहिलंय त्यावरून मला त्या यंत्रांचं वेड लागलं, असा समज करून घेऊ नका. ते सगळं हिच्या हातासाठी होतं. मी त्यातून पूर्ण बाहेर आलो आहे.

ता. क. २. पाटी मला मिळत नाही. लवकरच तुमच्या पत्त्यावर माझ्या नावाचं एक पार्सल येईल. ती इस्त्री आहे. कृपा करून सही करून ठेवून घ्या आणि माळ्यावर टाका. ताईंनी विचारलं तर कपड्यांची इस्त्री आहे म्हणा. महिन्यातून एखाद-दोन रविवारी मी तुमच्या पाठीची विचारपूस करायला येत जाईन. पत्र वाचून फाडून टाका. पोस्टाची पेटी हिच्या दुकानाला लागूनच आहे, म्हणून पेटीत टाकायला पाकीट हिच्याकडेच देतो आहे, पण घट्ट चिकटवलं आहे.

ता. क. ३. भाऊजी, घट्ट चिकटवलं नव्हतं. पार्सल आलं की माळ्यावर टाकू नका, ताईला द्या, तिला मी फोनवर सगळं सांगून ठेवलं आहे. हे रविवारी आले तर पार्सल पोचलंच नाही म्हणा आणि चांगलं जेवायला घाला. अक्षर वाकडंतिकडं आलं आहे, त्याला हसू नका. मनगट मोडल्यापासून उजव्या हातानं आज पहिल्यांदा लिहिते आहे.