सुपातली दुसरी मूठ

॥ श्री कानबाई माता प्रसन्न ॥

सारंगखेडा
सोमवार, श्रावण शुद्ध अष्टमी
९ ऑगस्ट १९४३

चि. नर्मदा हिस आबाचे आशीर्वाद. तुझी माय बरी आहे, रुखमाफुईचा गुडघा पावसाळ्यापुरता कुरकुरतो, चांदणी घोडी गाभण आहे. म्हणजे घरातले सगळे आपापल्या जागी आहेत. तू तेवढी पुण्यात.

परवा शनिवारी सकाळी मी एक गोष्ट केली. आंघोळ करून, देवाला फूल वाहून, सुकलालदादाच्या ओट्यावर गेलो आणि केली. ती तुला सांगायची म्हणून दुपारीच लिहायला बसलो, कारण रॉकेल मिळत नाही आणि संध्याकाळी अक्षर दिसत नाही. पण कागद पुढे घेतल्यावर दुसरेच सुचते आहे. तेव्हा आधी दुसरे लिहितो.

तापी चढली होती. दोन दिवस नाव बंद होती, आज सकाळपासून सुरू झाली. कापूस गुडघ्याला लागला. वरच्या शेतातला मूग पिवळा पडतो आहे, का ते कळत नाही. तू असतीस तर पाने तोडून कागदात घालून ठेवली असतीस आणि तुझी माय ओरडली असती. मूग पिवळा पडला की तिला अजून तुझीच आठवण येते.

तुझे पत्र मिळून पंधरवडा झाला. उत्तराला उशीर झाला, त्याचे कारण नदी नाही.

तू लिहिलेस की दोन्हीकडे मुलाखती झाल्या आणि दोन्हीकडून होकार आला. त्या दिवशी मी दत्ताच्या देवळात नारळ फोडला. पुजाऱ्याने विचारले, "काय भिलाभाऊ, घोडी व्यायनी का?" मी म्हणालो, "नही, पोर दोन ठिकाणे पास व्हयनी." पोरगी एम. एस्सी. झाली हे गावाला माहीत आहे, पण त्याच्यापुढेही शिकायचे असते, आणि त्यात शिकवणारा कमी व शोधणारा जास्त असतो, हे मला सांगता येईना. "डाक्टर होणार" एवढे म्हणालो. तेव्हापासून दोघीजणी पोटदुखी घेऊन येऊन गेल्या. माय त्यांना ओवा देते.

तुझे पत्र मी पुष्कळ वेळा वाचले. मुंबईच्या सरांनी तुला चहा दिला, वडील काय करतात विचारले, आपल्या घोड्यांच्या जत्रेचे ऐकून खूष झाले. शेंगदाण्याच्या तेलावरचे काम आहे, बायकांचे वसतिगृह जवळ आहे, खाणे आपल्यासारखे आहे, सुरतेवरून रेल्वे थेट दोंडाईचाला येते, दिवाळीला आणि कानबाईला घरी येता येईल. सगळे नीट लिहिलेस. बंगळूरबद्दल थोडे लिहिलेस. टेबलापलीकडे पाच जण होते. एकाने विचारलेले तुला आले नाही. तू म्हणालीस, मला माहीत नाही, पण करून पाहायला आवडेल. त्यावर ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, मग या आणि करून पाहा. मग तू लिहिलेस की तिथे डाळींवर काम चालते. एकच डाळ एकाच्या अंगी लागते आणि दुसऱ्याच्या का लागत नाही, शिजवल्याने तिच्यातले काय जाते आणि काय उरते, याचा शोध कोणीतरी घ्यायलाच हवा, विशेषतः बंगालात माणसे अन्नावाचून मरत असताना. तिथे तुझे अक्षर वाकडे झाले आहे. घाईत लिहिल्यासारखे.

आणि शेवटी, "आबा, मुंबईच बरी वाटते. तुम्ही सांगाल तसे करीन. ऑगस्टअखेर कळवायचे आहे."

मला विज्ञान समजत नाही. मराठी सातवीपर्यंत शिकलो, त्यात तोंडपाठ फार होते आणि समज थोडी. घोडे मात्र थोडेफार समजते. जत्रेत घोडे पारखायचे तर जाणता माणूस ते घराच्या वाटेने पळवून बघत नाही. घराकडे तोंड केले की मरतुकडे तट्टूसुद्धा कान टवकारून धावते. घराकडे पाठ करून ते कसे चालते, ते बघायचे.

हे मी तुझ्या मायला बोलून दाखवले. ती म्हणाली, "पोर शे का घोडी शे? तिले असं लिखशी तं ती परत येवाव नही." म्हणून लिहिणार नव्हतो. लिहून गेलो.

पण तूच सांग, मुंबई तू का निवडलीस? तेलासाठी, की दोंडाईच्याच्या गाडीसाठी?

आता एक गोष्ट, जी मी तुला कळवली नाही. वैशाखात धानोऱ्याहून स्थळ आले होते. मुलगा चांगला आहे, मुंबईत सरकारी कचेरीत आहे, दिसायला शांत. त्याचे मामा म्हणाले, मुलगी मुंबईत शिकत असेल तर आमची हरकत नाही, लग्नानंतरही शिकेल, जमेल तितके. मी होय म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. म्हणालो, श्रावणात सांगतो. मग तुझे पत्र आले आणि त्यात मुंबई. मला वाटले, देवानेच वाट सरळ केली. तुझे शिक्षण, तुझे घर, आणि वर्षातून दोनदा ओट्यावर तुझा आवाज, सगळे एका गाडीच्या वाटेवर. एवढे सोपे झाल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. पंधरा दिवस मला जेवण गोड लागले नाही. "जमेल तितके" हे शब्द मी पुन्हा पुन्हा म्हणून बघत होतो.

शनिवारी काय झाले ते आता सांगतो.

कानबाईच्या रोटांचे धान्य काढायचे होते. तुला माहीत आहे, भावकी सगळी सुकलालदादाकडे जमते, तो घराघरांतल्या पुरुषांची नावे घेतो आणि प्रत्येक नावाला सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ सुपात पडते. दादाच्या घरची नावे संपता संपत नाहीत. आपल्या घराचे एकच नाव, भिला. ते आले कधी आणि गेले कधी, कळत नाही. तू सातेक वर्षांची होतीस तेव्हा माझ्या मांडीला टेकून बसली होतीस आणि माझी मूठ पडल्यावर आपली चिमुकली मूठ सुपावर धरून म्हणालीस, "आबा, आते मन्ही?" सगळे हसले. रुखमाफुईने तुझी मूठ उघडून तिच्यात गूळ ठेवला. मीही हसलो. तू गूळ खाल्लास, पण सुपाकडे बघत खाल्लास.

परवा दादाने "भिला" म्हटले. मी माझी सव्वा मूठ घातली आणि पुन्हा हात पोत्यात घातला.

दादा म्हणाला, "हाई कोन्ही?"

"नर्मदानी."

 तुझी रुखमाफुई, माझीच बहीण, म्हणाली, "भिला, येडा व्हयना का? पोरगीनी मूठ ऱ्हास का कधी? पोरगी परायी."

मी म्हणालो, "बाई, मन्हा घरमा मी एकला शे का? मन्ही पोर शे ना."

दादा रागावला नाही. त्याला हिशेब पडला. रोट कुळातल्याच माणसांनी खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, पौर्णिमेपर्यंत संपवायचा, उरू द्यायचा नाही. तो म्हणाला, "ती पुनामा. उद्या आखो कोठे जाई. तिन्हा वाटाना रोट कोन खाई?"

"तीच खाई."

"कशी? रोटले पाय शेतस का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण हात मागे घेतला नाही. बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे आधीच सुपात पडले होते. मी मनात कानबाईला म्हणालो, माय, तूही बाईच आहेस. चुकत असेल तर माझा हात आत्ताच धर. हात कोणी धरला नाही. मूठ सोडली. वरची पाव मूठही घातली. आत तुझी माय जात्याशी बसली होती. मला तिच्या बांगड्या ऐकू आल्या. ती पदर सारखा करत होती.

 दादाने पुढच्या घराचे नाव घेतले.

काल कानबाई बसली. रात्रभर गाणी झाली. आज सकाळी तिला डोक्यावर घेऊन नदीवर गेलो. पाणी गढूळ होते, पण घाटाच्या दोन पायऱ्या उघड्या होत्या. धानोऱ्याचे मामा नावेने आले होते, श्रावण लागला म्हणून. विसर्जन झाल्यावर मी त्यांच्यापुढे हात जोडले. म्हणालो, मुलगा सोन्यासारखा आहे, पण माझी मुलगी मुंबईला जात नाही. ती बंगळूरला जाते आहे, आणि तिथे जमेल तितके नाही, पुरते शिकणार आहे. ते म्हणाले, "तिले इचारं का तुम्ही?" मी म्हणालो, तिने मला सांगितले आहे, फक्त तिला अजून माहीत नाही. ते हसले. चांगला माणूस आहे. चहा न घेता गेले, एवढेच.

मराठी शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मी बंगळूर पाहिले. सारंगखेडा त्यावर नाही, म्हणून तापीच्या रेषेवर अंगठा ठेवला आणि वीत पसरली. करंगळी पोचली नाही. पुष्कळ लांब आहे. तिथली भाषा वेगळी, जेवणात भात फार असतो म्हणतात. तुझी माय ज्वारीचे पीठ बांधून देण्याच्या गोष्टी करते.  मलाही काहीतरी बांधून द्यावेसे वाटतेच.

तेव्हा "येते" म्हणून बंगळूरला कळव. मुंबईच्या सरांना नम्रपणे लिही. त्यांनी तुला चहा दिला होता. दिवाळीला येणे झाले नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या कानबाईला तू नसशील आणि सुकलालदादा पुन्हा विचारील, "हाई कोन्ही?" त्याला उत्तर द्यायला मी आहे.

आपल्या शेजारचा रूपसिंग, जो खडकीला लष्कराच्या कोठारात आहे, रजा संपवून उद्या पहाटे नावेने दोंडाईचाला निघतो. हे पत्र आणि एक गाठोडे तो तुला पौर्णिमेच्या आत पोचवील. गाठोड्यात तुझ्या वाटणीचे रोट आहेत. ते बांधायला मी बसलो तेव्हा रुखमाफुईने माझ्या हातातून फडके ओढून घेतले. मला वाटले, आता अडवते. ती म्हणाली, "अशी गाठ मारतस का? गाडीमा सुटी जाई. रोट भाहेरनाले देतस नहीत, पन ती कोठे भाहेरनी शे?" आणि तिने स्वतः दोन गाठी मारल्या. आत कोपऱ्यात गुळाचा खडाही तिनेच ठेवला आहे. कशासाठी, ते तुला कळेल.

खोलीतल्या मैत्रिणींना वाईट वाटेल, पण त्यांना देऊ नकोस, नियम आहे. पूर्वेला तोंड करून, कानबाईचे नाव घेऊन तूच खा. शेवटचा तुकडाही उरू देऊ नकोस.

कानबाईच्या सुपात पडलेली मूठ परत काढत नाहीत. तुझी घालून झाली आहे.

दोन मुठींच्या घरातून,
तुझा आबा