एमडी, चिक्कडपल्ली

१ सप्टेंबर २०२५
कंपनीने मला काढलं नाही, मोकळं केलं. हा फरक त्रिवेणीला कळत नाही. बायको झाली तरी शेवटी शाळेत कम्प्युटर शिकवणारी बाई. आता तेच काम, नव्या पोरांना सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवायचं, बाहेरून कॉन्ट्रॅक्टवर करायचं. कौस्तुभ (माझा जुना ज्युनिअर, आता साहेब) विचारतो, स्वतःच्या नावावर करणार की कंपनी काढणार? लवकर सांगा म्हणाला. मोठे निर्णय लवकर होत नसतात.

४ सप्टेंबर
कोठी बाजारातला सीए म्हणतो, क्लायंट एकच, कंपनी कशाला? स्वतःच्या नावावर बिलं द्या. लहान विचारांचा माणूस. संध्याकाळी सासऱ्यांना, अप्पारावांना, सांगितलं की कॉन्ट्रॅक्टर होतोय. ते म्हणाले, "म्हंजे सेंट्रिंगचं काम का, जावईबापू?"
ठरलं. प्रायव्हेट लिमिटेडच. मॅनेजिंग डायरेक्टर मी.

६ सप्टेंबर
डायरेक्टर दोन लागतात. दुसरी त्रिवेणी. शिवाय निम्म्याहून जास्त शेअर्स तिच्या नावावर टाकले. महिला उद्योजक म्हटलं की मोठ्या कंपन्या पायघड्या घालतात. आयडिया माझी. सीए दोनदा म्हणाला, विचार करा. अरे, बायको आहे ती. सही कुठे करायची तेवढं तिला दाखवलं. ती मात्र सगळं वाचत बसली. मास्तरकीची सवय.

१५ सप्टेंबर
कंपनी रजिस्टर झाली! पण पितृपक्ष चालू. कौस्तुभला घाई, म्हणे उद्याच डेमो क्लास घ्या, मग लगेच सही. पितृपक्षात शुभकार्य? फोन उचलणंच बंद केलंय. एमडीने पहिल्या रिंगला उचलू नये. दहाव्यालाही नाही. मग तो त्रिवेणीला फोन करतो. करू दे. रिसेप्शन पुढे तिनेच बघायचंय.

१७ सप्टेंबर
काल डेमोला त्रिवेणी गेली. तात्पुरती, शाळेतून हाफ डे टाकून. कौस्तुभचा मेसेज आला: पोरं पहिल्यांदाच शेवटपर्यंत जागी होती. साहजिक आहे. त्यांची झोप माझ्या वर्गात पुरी झाली होती.

२२ सप्टेंबर
घटस्थापना. नवा शर्ट घालून सही करायला गेलो. सही झालेली होती. त्रिवेणीची. ऐन पितृपक्षात!
घरी येऊन जाब विचारला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, शाळेचा राजीनामा दिलाय मी. जुन्या कंपनीने तुम्हाला मोकळं केलं नव्हतं, पोरांच्या तक्रारी होत्या. मला आधीपासून माहीत होतं."
वाईट वाटलं. जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

२७ सप्टेंबर
बोर्ड मीटिंग, डायनिंग टेबलवर. तिचे शेअर्स जास्त, म्हणून अप्पाराव तिसरे डायरेक्टर झाले. मग एमडी कोण यावर मतदान. माझ्या बाजूने मी.

२ ऑक्टोबर
दसरा. सासुरवाडीला जेवण. कोणीतरी विचारलं, जावई काय करतात? अप्पाराव म्हणाले, "कंपनी आमच्या तिरवेणीची हाय. जावई घरीच ऱ्हातेत." सेंट्रिंग परवडलं असतं.
परत येताना गाडीत त्रिवेणीला विचारलं, कंपनीत एखादी जागा आहे का. म्हणाली, बायोडेटा पाठवा, बघते.
बघते म्हणजे घेणारच. शेवटी घरची कंपनी.

९ ऑक्टोबर
आज पोळी वाढताना म्हणाली, "दुसऱ्याला घेतलं. तुमचा बायोडेटा ठेवलाय, जागा निघाली तर कळवू."